धावपट्टीचा वाहनतळ होतो तेव्हा...

एप्रिल २०२० या संपूर्ण महिन्यात जर्मनीतील फ्रँकफर्ट विमानतळावरून सुमारे १ लाख ८८ हजार प्रवाशांनी ये-जा केली. आदल्या वर्षी याच विमानतळाची वार्षिक प्रवासीसंख्या ७ कोटी ५ लाखांहून अधिक होती. दिवसाची सरासरी काढली, तर ती १ लाख ९३ हजारांच्या घरात जाते. म्हणजे एरवी एका दिवसात जितकी माणसे येत, तितकी येण्यास करोनाच्या त्या पहिल्या लाटेत एक महिना लागला.

गिऱ्हाईक नसेल तर दुकानदार शटर ओढून घरी जातो. विमानतळाला तसे करता येत नाही. रुग्णांना, अडकलेल्या नागरिकांना आणि औषधांना उतरण्यासाठी जागा लागते. शिवाय आकाशात अडचणीत सापडलेल्या विमानाला जवळची धावपट्टी उघडी मिळावी लागते. त्यामुळे प्रश्न बंद करण्याचा नसतो, आवरते घेण्याचा असतो. काय बंद ठेवायचे आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवणे हे अशा वेळी विमानतळ व्यवस्थापनापुढचे सर्वांत अवघड काम होऊन बसते.

फ्रँकफर्टला चार धावपट्ट्या आहेत. त्यांपैकी वायव्येकडील धावपट्टी ऑक्टोबर २०११मध्ये सुरू झाली. ती केवळ विमाने उतरण्यासाठी वापरली जाते आणि मूळ विमानतळापासून जरा बाजूला आहे. मधून महामार्ग व लोहमार्ग जात असल्याने तेथून विमानांना पुलावरून यावे लागते. साहजिकच काट मारण्याची वेळ आली तेव्हा पहिला क्रमांक तिचा लागला. २३ मार्च २०२० रोजी ती बंद झाली आणि तिच्यावर लुफ्तान्साची विमाने ओळीने उभी राहिली. ज्या धावपट्टीच्या आवाजाविरुद्ध परिसरातील रहिवासी वर्षानुवर्षे दर सोमवारी टर्मिनलमध्ये येऊन निदर्शने करीत, तिच्यावर अशी शांतता पसरेल, असे त्यांनाही वाटले नसेल.

विमानांना थांबण्यासाठी जागा कमी पडावी, हेही विचित्रच. पण जगातील विमान कंपन्यांचे गणितच असे असते, की त्यांची बरीचशी विमाने कोणत्याही क्षणी हवेत असणार हे गृहीत धरलेले असते. सगळीच एकदम खाली आली, की विमानतळांवरील जागा अपुरी ठरते. शिवाय उभे विमान म्हणजे उभी मोटार नव्हे. इंजिनांवर व संवेदकांवर आच्छादने घालावी लागतात, चाके ठरावीक काळाने फिरवावी लागतात. यात हयगय झाली तर काय होते, ते लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०२१च्या उन्हाळ्यात दिसले. विमानाचा वेग मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक पिटो नळ्यांमध्ये कीटकांनी घरे केली आणि काही विमानांना उड्डाण अर्ध्यात सोडून द्यावे लागले. वर्दळ कमी झाल्याने कीटकांना निवांतपणा मिळाला, असा तपासाचा रोख होता.

हीथ्रोने ६ एप्रिल २०२०पासून दोनऐवजी एकच धावपट्टी वापरण्यास सुरुवात केली; मात्र दर आठवड्याला धावपट्टी बदलण्याची पद्धत ठेवली. धावपट्टी बंद करायची म्हणजे वैमानिकांसाठी ‘नोटॅम’ ही अधिकृत सूचना काढायची आणि दिवे मालवायचे. परंतु गवत वाढणे, पक्षी जमणे थांबत नाही. दिशादर्शक यंत्रणांची तपासणीही चालू ठेवावी लागते.

टर्मिनलचा हिशेब वेगळा असतो. दोन इमारतींतून निम्मे-निम्मे प्रवासी सोडण्यापेक्षा सर्वांना एकाच इमारतीत आणणे स्वस्त पडते, कारण वातानुकूलन, सामानाचे पट्टे, सुरक्षा तपासणी आणि सफाई यांचा खर्च प्रवासी किती यावर फारसा ठरत नाही. इमारत उघडी आहे की नाही यावर ठरतो. फ्रँकफर्टचे टर्मिनल २ म्हणूनच ७ एप्रिल २०२० ते १ जून २०२१ या काळात बंद राहिले. सिंगापूरच्या चांगी विमानतळाने मे २०२०मध्ये टर्मिनल २ आणि ४ बंद केली, आणि टर्मिनल २च्या विस्ताराचे काम या मोकळ्या काळात पुढे रेटले. अडचणीतून काढलेली ही वाट शहाणपणाची म्हणावी लागेल. अर्थात बंद इमारतही राखावीच लागते. नळांतील पाणी साचून राहिले तर लिजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून रिकाम्या स्वच्छतागृहांतही नळ नियमाने सोडले जातात. सरकते जिने आणि पट्टे अधूनमधून फिरवले जातात.

प्रवाशाच्या सहसा नजरेस न पडणारा आणखी एक खर्च म्हणजे अग्निशमन दल. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानतळांच्या १ ते १० अशा श्रेणी असतात. तेथे येणाऱ्या विमानाची लांबी आणि रुंदी यांवर ती ठरते. एअरबस ए-३८० साठी दहावी श्रेणी लागते. वरच्या तीन श्रेणींत किमान तीन बंब सज्ज असणे बंधनकारक आहे आणि घटनास्थळी पोहोचण्यासाठी कमाल मुदत तीन मिनिटांची. मोठी विमाने येतच नसतील, तर श्रेणी रीतसर खाली आणून मनुष्यबळ वाचवता येते. पण ती वेळ सांभाळावीच लागते, मग विमान दिवसाला एक येवो की हजार.

मुंबईकरांनीही हे सारे अनुभवले. देशांतर्गत नियमित उड्डाणे २५ मार्च २०२०पासून थांबली आणि २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबईला प्रारंभी दिवसाला २५ आगमने आणि २५ प्रस्थाने इतकीच मुभा होती. डिसेंबर २०१८मध्ये याच विमानतळाने एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा हाताळली होती! सांताक्रूझकडील टर्मिनल १ बंद ठेवून सारी वाहतूक टर्मिनल २ मधून होऊ लागली. १० मार्च २०२१ला टर्मिनल १ उघडले, दुसऱ्या लाटेमुळे २१ एप्रिलला पुन्हा मिटले आणि १३ ऑक्टोबरला परत सुरू झाले. पॅरिसने मात्र आपले ऑर्ली विमानतळ ३१ मार्च २०२०च्या रात्रीपासून जूनअखेरपर्यंत प्रवासी वाहतुकीसाठी बंद ठेवले. शहराला शार्ल द गोल हे दुसरे मोठे विमानतळ असल्याने ते शक्य झाले. मुंबईला त्या वेळी असा पर्याय नव्हता.

मालवाहतूक या सर्वांतून बऱ्याच अंशी सुटली. फ्रँकफर्टची प्रवासीसंख्या २०२०मध्ये ७३ टक्क्यांनी घसरली, माल मात्र साडेआठ टक्क्यांच्या आसपासच घटला. पुढच्या वर्षी तर त्याने उच्चांक गाठला. तरीही ताळेबंद सावरला नाही. विमानतळाची मिळकत मुख्यतः प्रवासी शुल्क, दुकानांची भाडी आणि वाहनतळ यांतून येते आणि हे तिन्ही झरे एकदम आटतात. फ्रँकफर्ट विमानतळ चालवणाऱ्या फ्रापोर्ट कंपनीला २०२०मध्ये सुमारे ६९ कोटी युरो तोटा झाला.

मग उरतो तो पगाराचा खर्च. फ्रँकफर्टमधील सुमारे २२ हजार कर्मचाऱ्यांपैकी १८ हजारांच्या आसपास कर्मचारी २०२०च्या वसंतात अल्पकाळ काम योजनेत गेले. कामाचे तास कमी आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारकडून, अशी ही जर्मन व्यवस्था. एवढ्याने भागेना, तेव्हा कंपनीने ३ ते ४ हजार पदे कमी करण्याचे ठरवले. अन्यत्र तर सामान चढवणारे, तपासणी करणारे, विमानाला दिशा दाखवणारे असे असंख्य लोक थेट घरी गेले. त्यातील अनेकांनी गोदामांत, घरपोच सेवेत काम शोधले आणि ते परतले नाहीत.

ही कपात किती महाग होती, ते दोन वर्षांनी कळले. धावपट्टीचे दिवे कळ दाबताच लागतात. माणसाला मात्र शिकवावे लागते, आणि विमानतळाच्या संरक्षित भागात जाण्याआधी त्याच्या पूर्वायुष्याची पडताळणी व्हावी लागते. त्यात आठवडे जातात. हीथ्रोचे टर्मिनल ४ जून २०२२च्या मध्यास उघडले. महिनाभरातच सामानाचे ढीग आणि रद्द उड्डाणे यांपुढे हात टेकून विमानतळाने १२ जुलैपासून दिवसाला जास्तीत जास्त १ लाख प्रवाशांनाच प्रस्थानाची परवानगी दिली. ही मर्यादा ऑक्टोबरच्या अखेरीस उठली. आणि जर्मनीत, जेथे हजारो पदे नुकतीच मोडीत निघाली होती, तेथे सरकारला त्याच उन्हाळ्यात तुर्कस्तानातून तात्पुरते विमानतळ कामगार आणण्यास मुभा द्यावी लागली.