वाढत्या डोळ्याचं माप

नवजात बाळाचा डोळा पुढून मागे मोजला तर सुमारे १७ मिलिमीटर भरतो. मोठ्या माणसाचा साडेतेवीसच्या आसपास. या वाढीतला मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांतच उरकतो. डोळा लांबत असतानाच त्याच्या पुढच्या पारदर्शक कॉर्नियाची ताकद ५१ डायॉप्टरवरून ४४ च्या घरात उतरते आणि आतलं नैसर्गिक भिंग ३४ वरून १९ वर येतं. गॉर्डन आणि डॉन्झिस यांनी १९८५ मध्ये ही मोजमापं एकत्र मांडली. लांबी वाढते तशी ताकद घटते, म्हणून वाढत्या डोळ्यातही प्रतिमा मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावरच पडत राहते.

जन्मजात मोतीबिंदू झालेल्या बाळाचं ऑपरेशन करताना या मेळातलं एक भिंगच काढून टाकावं लागतं. त्या जागी बसवलेलं कृत्रिम भिंग डोळ्याबरोबर बदलत नाही. मग ते किती नंबरचं बसवायचं? भिवंडीत यंत्रमाग चालवणाऱ्या एखाद्या घरातल्या तान्ह्या बाळाची बाहुली पांढरी दिसली, तर त्याच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या नजरेचा बराचसा भाग या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

मोठ्या माणसाचं माप घेणं आता सोपं झालं आहे. यंत्रावर हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं, की प्रकाशाच्या किरणांनी काही क्षणांत लांबी कळते. तीन महिन्यांचं बाळ हनुवटी टेकवत नाही आणि दिव्याकडे बघत नाही. मोतीबिंदू दाट असेल तर प्रकाश आरपार जातच नाही. म्हणून तान्ह्या मुलांची मापं बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल दिल्यावर घेतली जातात.

इथे क्रमालाही महत्त्व आहे. आधी हातात धरायच्या केराटोमीटरने कॉर्नियाची वक्रता मोजायची, कारण नंतरच्या तपासणीत कॉर्नियाला स्पर्श झाला की तिचा पृष्ठभाग बिघडतो. पापण्या उघड्या ठेवणाऱ्या चिमट्याचा दाब पडला तरी वक्रता बदलते. भूल दिल्यावर डोळ्यांची उघडझाप थांबते, कॉर्निया सुकू लागते, म्हणून ती ओली ठेवावी लागते. शिवाय भुलीत डोळा वर वळतो. तो सरळ करून त्याचा मध्य शोधायचा, तर ‘इकडे बघ’ असं सांगायची सोय नसते.

मग लांबी. ए-स्कॅन यंत्र डोळ्यात ध्वनिलहरी सोडतं आणि त्या परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. डोळ्यातल्या द्रवात ध्वनीचा वेग सेकंदाला १५३२ मीटर, भिंगात १६४१. यंत्राच्या पडद्यावर कॉर्निया, भिंगाची पुढची बाजू, मागची बाजू आणि दृष्टिपटल यांचे उंच टोकदार सुळके दिसायला हवेत. दृष्टिपटलाचा सुळका उतरता दिसला, तर लहर तिरकी गेली आहे असं समजून माप पुन्हा घ्यायचं.

लहरी सोडणारा प्रोब थेट कॉर्नियावर टेकवणं ही सोपी पद्धत. पण बाळाची कॉर्निया मऊ असते, ती किंचित दबते आणि डोळा आहे त्यापेक्षा आखूड भरतो. दुसऱ्या पद्धतीत डोळ्यावर लहानशी वाटी बसवून तिच्यात सलाइन भरतात आणि प्रोब कॉर्नियाला न लावता पाण्यात धरतात. रूपल त्रिवेदी आणि एडवर्ड विल्सन यांनी २०११ मध्ये मोतीबिंदू असलेल्या मुलांच्या डोळ्यांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. फरक निघाला सरासरी ०.२७ मिलिमीटरचा. आकडा किरकोळ वाटतो. पण मोठ्या डोळ्यात एक मिलिमीटरची चूक साधारण अडीच डायॉप्टरची असते, तर बाळाच्या आखूड डोळ्यात तीच पावणेचारच्या घरात जाते. म्हणजे पाव मिलिमीटर दबलं की भिंगाचा नंबर जवळजवळ एकाने चुकतो. मुलांचं ऑपरेशन जिथे होतं, तिथे ही सलाइनची वाटी असायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यासाठी फार पैसे लागत नाहीत, सवय लागते.

मापं हाती आली की ती सूत्रात घालायची. सॅंडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांचं १९८० च्या सुमाराचं एसआरके सूत्र मोठ्या माणसांच्या ऑपरेशनांचे निकाल पाहून बेतलेलं होतं. आखूड डोळ्यात ते कमी पडतं हे लक्षात आल्यावर सुधारित सूत्रात २० मिलिमीटरहून लहान डोळ्यांसाठी ३ ची भर घालावी लागली. पुढे हॉफर क्यू, हॉलाडे, एसआरके-टी ही सूत्रं आली. तान्ह्या डोळ्यात यांपैकी कोणतंही मोठ्या माणसाइतकं नेमकं उतरत नाही.

आणि समजा आजचा नंबर अगदी बिनचूक काढला, तरी तो उद्याचा नसतो. वाढत्या अंगाचा सदरा शिवताना शिंपी ढिलाई ठेवतो, तशी इथे नंबरात ठेवावी लागते. डहान आणि ड्रुझेडाऊ यांनी १९९७ मध्ये सुचवलं, की दोन वर्षांखालच्या मुलाला हिशेबापेक्षा २० टक्के कमी ताकदीचं भिंग बसवावं आणि दोन ते आठ वर्षांच्या मुलाला १० टक्के कमी. एन्येडी यांचा सातचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: मुलाचं वय आणि ऑपरेशननंतर ठेवायचा अधिक नंबर यांची बेरीज सात यावी. वर्षाच्या मुलाला अधिक सहा, चार वर्षांच्या मुलाला अधिक तीन.

भिंग बसवूनही जाड चष्मा लागतो, तो यामुळे. हे घरच्यांना ऑपरेशनच्या आधीच समजावून सांगायला हवं. ‘ऑपरेशन झालं, आता चष्मा कशाला?’ म्हणून तो कपाटात गेला, तर दृष्टिपटलावर धूसर प्रतिमा पडत राहते. मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी होतो.

अमेरिकेत १२ केंद्रांवर एक ते सहा महिन्यांच्या ११४ बाळांचा अभ्यास झाला. साऱ्यांच्या एकाच डोळ्यात मोतीबिंदू होता. निम्म्यांना आत भिंग बसवलं, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या नजरेत ठळक फरक नव्हता, पण भिंगाच्या गटातल्या ७२ टक्के मुलांवर डोळ्याच्या आतलं आणखी किमान एक ऑपरेशन करावं लागलं होतं. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. भिंगाच्या गटातल्या मुलांचे पाचव्या वर्षीचे नंबर अधिक ५ पासून उणे १९ पर्यंत पसरले होते. अनुभवी हात, उत्तम यंत्रं आणि आखीव नियोजन असूनही इतके. कोणता डोळा किती वाढेल, हे त्या दिवशीचं माप सांगत नाही. ते पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

भिवंडीचा प्रश्न इथे सुरू होतो. एका डोळ्यातला दाट मोतीबिंदू सहाव्या आठवड्याच्या आसपास काढावा लागतो, दोन्ही डोळ्यांतला आठ-दहा आठवड्यांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सुरू झाला. पालघर तेव्हा भिवंडीसारखंच ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, प्रसूतीच्या ठिकाणी आणि आशांच्या घरभेटीत बाळ तपासायचं हेही ठरलेलं आहे. पण निदान झाल्यावर मुंबई गाठायची, तर भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर. मुंबईची थेट लोकल नाही, रिक्षा-बसने ठाणे किंवा कल्याण गाठायचं. मागावरची मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, त्यामुळे दवाखान्यात गेलेला दिवस बिनपगारी. ऑपरेशनला लोक येतात, कर्ज काढूनही येतात. गळती होते ती नंतरच्या खेपांना.

जन्मजात मोतीबिंदूचं एक कारण मात्र मुळातच टाळता येतं. गरोदरपणी आईला झालेल्या रुबेलाने बाळाला मोतीबिंदू होतो, हे सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवलं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. तरी २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली. दोन्ही रोगांवर लस एकच, त्यामुळे गोवराची लस चुकलेली मुलगी रुबेलापासूनही असुरक्षित राहते, आणि ती पुढे आई होणार असते.

ज्यांचं ऑपरेशन झालं आहे, त्यांच्यासाठी एक मागणी कोणत्याही यंत्राविना पुरी करता येईल. लसीकरणाच्या कार्डावर, लशींच्या तारखांखाली, दोन्ही डोळ्यांची लांबी, कॉर्नियाची वक्रता, बसवलेल्या भिंगाचा नंबर आणि मुद्दाम ठेवलेला चष्म्याचा नंबर लिहून द्यावा. कुटुंब भाड्याची खोली बदलतं, हंगाम सरला की गावी जातं, डॉक्टर बदलतात. कार्ड मात्र शाळाप्रवेशापर्यंत सांभाळलं जातं. ते पाहून ठाण्यातल्या किंवा गावाकडच्या डॉक्टरला डोळा किती लांबला ते समजेल आणि पुढचा चष्मा अंदाजाने द्यावा लागणार नाही.