मेंदूच्या आडवाटा

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी १५ ते २० टक्के त्याला लागतं. हे रक्त मानेतल्या चार धमन्यांतून वर जातं, दोन पुढून आणि दोन मागून. मेंदूच्या तळाशी त्या जोडल्या जाऊन एक कडं होतं. इंग्रज डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं.

बीपी, साखर, तंबाखू, मिश्री यांमुळे एखादी धमनी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली, तर या कड्यातून दुसऱ्या बाजूचं रक्त तिकडे वळतं. मेंदूवरच्या बारीक वाहिन्याही रुंदावतात. म्हणून धमनी बरीच चोंदली तरी काहींना त्रास जाणवत नाही. मात्र हे कडं सगळ्यांचं पूर्ण नसतं, आणि आडवाटेचं रक्त जेमतेम पुरतं. जुलाब किंवा उन्हानं अंगातलं पाणी घटलं, बीपीची गोळी मनानं जास्त घेतली, की दाब उतरतो आणि रक्त कमी पडतं.

अचानक हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका डोळ्यापुढे अंधारी आली, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी 'वारं येऊन गेलं' म्हणून घरी बसू नका. तो लकव्याचा इशारा असतो. लगेच १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

तंबाखू, मिश्री सोडा. बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका.