दुकानातील संगणकाचा पडदा : डब्बा बरा की फ्लॅट?

आमच्या कळमेश्वरात नुकतेच कापडाचे दुकान घातलेला एक तरुण व्यापारी गेल्या महिन्यात आमच्याकडे सल्ला विचारायला आला. नागपुरातील एका कार्यालयाने काढून टाकलेला 17 इंची डब्बा मॉनिटर, म्हणजे पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर, त्याला 500 रुपयांत मिळत होता. नवा फ्लॅट मॉनिटर घ्यायचा तर भाव 7,500 रुपये. “चाचा, अक्षरे दोन्हींत दिसतात, मग 7,000 रुपये जास्तीचे कशाला घालू?” असा त्याचा सवाल होता.

सवाल रास्त आहे. धंद्यात नवा माणूस एकेक रुपया जपून खर्च करतो व तसे त्याने करावेच. आम्ही स्वतः 2001 साली ट्यूबचा मॉनिटर घेतला, 2008 साली पहिला फ्लॅट घेतला आणि दोन्ही वेळा काही ना काही शिकलो. तो तजुर्बा वाचक बंधूंच्या, विशेषतः कापडाच्या धंद्यातील बंधूंच्या, उपयोगी पडावा म्हणून येथे मांडत आहोत.

दोन्हींची घडण

ट्यूबच्या मॉनिटरमध्ये काचेची एक मोठी बंद नळी असते. तिच्यातील हवा काढून घेतलेली असते. मागच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनचे झोत निघतात, मानेवर बसविलेली तांब्याची वेटोळी ते झोत डावी-उजवीकडे व वर-खाली फिरवितात आणि पुढच्या काचेच्या आतून लावलेल्या भुकटीवर ते आदळले की ती भुकटी लाल, हिरवी वा निळी उजळते. एका सेकंदात साठ, पंचाहत्तर, पंचाऐंशी वेळा हे चित्र नव्याने काढले जाते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी 1897 साली अशा नळीचा मूळ नमुना तयार केला होता.

फ्लॅट मॉनिटरचे तंत्र निराळे आहे. त्यात मागे एक दिवा सतत जळत असतो. त्याच्यापुढे द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो. खिडकीवरील चिकेच्या पट्ट्या फिरवून आपण उजेड कमी-जास्त करतो, तसाच हा थर ठिपक्या-ठिपक्यावर उजेड अडवितो किंवा सोडतो. बाजारात ‘एलईडी मॉनिटर’ म्हणून जे विकले जाते तेही बहुतांशी हेच होय. फरक इतकाच की, मागच्या दिव्यांच्या जागी पूर्वी बारीक ट्यूबलाइट असत, आता एलईडी असतात. तेव्हा ‘हा एलसीडी नाही, एलईडी आहे’ असे सांगून कोणी जास्त दाम मागू लागला तर भुलू नये.

जुन्याचे गुणही सांगितले पाहिजेत

आपला माल खपविण्यासाठी दुसऱ्याच्या मालाला नावे ठेवणे बरे नव्हे. ट्यूबच्या पडद्यात काही गुण खरोखरच होते. तो कोणत्याही बाजूने पाहिला तरी रंग तेच दिसत. काळा भाग म्हणजे जेथे भुकटी उजळलेलीच नाही तो भाग, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग खरा काळा असे. जुना डॉसचा हिशेबाचा प्रोग्राम लहान आकाराचे चित्र पाठवितो. ट्यूब ते जसेच्या तसे स्वच्छ दाखवी. फ्लॅटचे ठिपके मात्र मोजून बसविलेले असतात. त्याला त्याच्या मापाचेच चित्र लागते. लहान चित्र ताणून दाखविले की अक्षरे पुसट होतात. याच कारणाने आम्ही हिशेबाच्या संगणकावर 2017 पर्यंत ट्यूब ठेवली होती. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, जुना प्रोग्राम बाद झाला व ती गरजही संपली.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. 17 इंची ट्यूबचा दिसणारा भाग सुमारे 16 इंचच असे, कारण माप काचेच्या नळीचे धरले जाई. फ्लॅटमध्ये माप दिसणाऱ्या पडद्याचेच असते. ट्यूब गल्ल्यावर हातभर खोल जागा अडवी. तेवढ्या जागेत ब्लाउज पीसची एक रांग बसते. शिवाय कापडाच्या दुकानात हवेत सदा तंतू उडत असतात. ट्यूबमध्ये 20 हजार व्होल्टहून अधिक दाब खेळत असल्याने हे तंतू व धूळ ती आपल्याकडे ओढून घेते. पावसाळ्यात त्या धुळीला ओल धरली की आतून ‘चट् चट्’ असा आवाज येऊ लागतो. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना अधिक सांगणे नको.

विजेचा हिशेब

आता त्या तरुणाच्या 7,000 रुपयांकडे वळू. 17 इंची ट्यूबचा मॉनिटर साधारण 80 वॅट वीज खातो, तर नवा मध्यम आकाराचा फ्लॅट 20 वॅटच्या आसपास. दुकान दिवसाला 10 तास व वर्षाला 300 दिवस उघडे धरले तर ट्यूबला वर्षाकाठी 240 युनिट लागतात व फ्लॅटला 60. फरक 180 युनिटचा. युनिटचा दर ज्याने त्याने आपल्या बिलावरून लावावा. 10 रुपये धरला तर वर्षाला 1,800 रुपये वाचतात. म्हणजे 7,000 रुपयांची तफावत चार वर्षांच्या आत भरून निघते. वीज गेली तर यूपीएसची तीच बॅटरी फ्लॅटवर अधिक वेळ पुरते. आमच्या विदर्भातील उन्हाळ्यात ट्यूबची ऊब गल्ल्यावर बसणाऱ्याला सोसावी लागते, तिची किंमत तर आम्ही धरलेलीच नाही. 500 रुपयांचा माल नेहमीच स्वस्त नसतो, हे येथे आकड्यांनीच सिद्ध होते.

कापडाचा रंग पडद्यावर पाहताना

परंतु फ्लॅट घ्यावा एवढे सांगून आमचे काम संपत नाही. कोणता घ्यावा, हा कापडवाल्यासाठी खरा प्रश्न आहे.

2008 साली आम्ही बाजारातला सर्वांत स्वस्त फ्लॅट आणला. 2010 साली सुरतेच्या एका व्यापाऱ्याने ड्रेस मटेरियलचे फोटो पाठविले. दुकानात गर्दी होती. आम्ही गल्ल्यापाशी उभ्यानेच पडद्यावर नजर टाकली, फिका पिस्ता रंग दिसला आणि 60 नगांची ऑर्डर देऊन मोकळे झालो. माल आला तो गडद मेहंदी! आम्ही फोनवर त्या भल्या माणसाला नको ते बोललो. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी पडद्यासमोर नीट बसून तोच फोटो पाहिला, तेव्हा रंग मेहंदीच दिसला. दोष त्याचा नव्हता, आमच्या उभे राहून पाहण्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली, पण हंगामात तो माल पडून राहिला तो राहिलाच.

याचे कारण असे की, फ्लॅट पडद्यांच्या तीन मुख्य जाती आहेत. ‘टीएन’ ही सर्वांत स्वस्त. ती समोरून ठीक दिसते, परंतु वरून पाहिले तर रंग फिके पडतात व खालून पाहिले तर काळपट होतात. ‘आयपीएस’ ही जात जपानच्या हिताची कंपनीने 1996 साली पुढे आणली. तिच्यात बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. तिसरी जात ‘व्हीए’. तिचा काळा रंग या तिन्हींत अधिक गडद असतो, मात्र बाजूने पाहता रंग थोडे उतरतात. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक गल्ल्याच्या पलीकडे उभे असते व पडदा त्याच्याकडे फिरवून दाखवावा लागतो. म्हणून कापडवाल्याने आयपीएसच घ्यावा. नुसती बिले फाडायची असतील तर कोणतीही जात चालेल.

दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. मॉनिटरच्या बटनांत रंगाचे ‘वॉर्म’ व ‘कूल’ असे पर्याय असतात. ‘कूल’वर पडदा निळसर होतो आणि मोतिया रंगाचे कापड शुभ्र पांढरे वाटू लागते. आकड्यांत निवड असेल तर 6500 वर ठेवावे, 9300 वर ठेवू नये.

तिसरी गोष्ट काळ्या रंगाची. बुरख्याचे निदा कापड विकणाऱ्या बंधूंना ठाऊक आहे की, काळ्यातही निळसर काळा, तपकिरी झाक असलेला काळा व गर्द काळा असे भेद असतात आणि आमच्या भगिनी ते बरोबर ओळखतात. फ्लॅट पडद्यात मागचा उजेड थोडा तरी झिरपतोच, त्यामुळे हे भेद पडद्यावर एकमेकांत मिसळून जातात. काळ्या मालाची ऑर्डर पडद्यावर पाहून देऊ नये, पडदा कितीही महागाचा असो. कापडाची कातरण मागवावी, ती दुकानाबाहेर उन्हात धरावी आणि मगच होकार द्यावा. नागपूरच्या गांधीबागेत जुने व्यापारी हातातील थान घेऊन दुकानाच्या पायरीवर येत असत ते याचसाठी.

घेताना काय पाहावे

मॉनिटर दुकानातच लावून पाहावा. पडद्यावर पूर्ण पांढरे, मग काळे, मग लाल, हिरवे व निळे चित्र लावून एखादा ठिपका मेलेला तर नाही ना, हे तपासावे. आपल्या संगणकाला जुने व्हीजीए भोक आहे की एचडीएमआय, ते आधी पाहून जावे. नाहीतर घरी आल्यावर वायर जुळत नाही व कन्व्हर्टरसाठी पुन्हा फेरी पडते. संगणकाच्या सेटिंगमध्ये मॉनिटरच्या मूळ मापाचेच चित्र ठेवावे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, दुकानाची काही पत्रे आजही नस्तालीकमध्ये लिहितो. त्या लिपीतले बारीक नुक्ते आमच्या जुन्या ट्यूबवर एकमेकांत मिसळत. मूळ मापावर लावलेल्या फ्लॅटवर ते सुटे दिसतात. शेवटी पुसण्याविषयी : फ्लॅटचा पृष्ठभाग काचेइतका कठीण नसतो. खळ असलेल्या कोऱ्या कापडाने तो पुसू नये. दोनदा धुतलेले जुने मलमल सर्वांत चांगले.

ट्यूब बाजारातून गेली

कोणी म्हणेल, ट्यूब बिघडली तर दुरुस्त करून घेऊ. परंतु सुटे भाग कोठून येणार? या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन समूहाने 2005 साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. त्यात इटली, पोलंड, मेक्सिको व चीनमधील कारखाने होते. नेमक्या त्याच वर्षांत जगाचा कल फ्लॅट पडद्यांकडे वळला व ट्यूबची मागणी आटत गेली. पुढे 2018 साली व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. त्याला दूरसंचारासारखी इतरही कारणे होती, सारा दोष ट्यूबला देणे न्यायाचे होणार नाही. तरी उतरत्या मालाचा साठा करण्यातला धोका यातून कोणाही व्यापाऱ्याला कळावा. एवढ्या मोठ्या घराण्याचा अंदाज चुकू शकतो, तर 500 रुपयांच्या मोहात आपलाही चुकेल.

जुन्या डब्याचे काय करावे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 2012 साली आम्ही आमच्याजवळचा एक बिघडलेला डब्बा मॉनिटर 100 रुपयांत भंगारवाल्याला दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणावरून जाताना पाहिले, तर त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा हातोडीने ट्यूबची मान फोडीत होता. त्याला मानेवरील तांब्याची वेटोळी हवी होती. काचेचे तुकडे व आतली पांढरी भुकटी सगळीकडे पसरली होती आणि बाजूलाच लहान मुले खेळत होती.

ट्यूबच्या मागील भागाच्या काचेत शिसे असते; एका रंगीत ट्यूबमध्ये ते किलोभराच्या आसपास भरू शकते. शिसे अंगात गेले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि झालेले नुकसान भरून निघत नाही. आत हवा नसल्यामुळे ट्यूब एकदम आत कोसळून काच उडू शकते, आणि वीज बंद केल्यावरही काही काळ तिच्यात दाब साठून राहतो. म्हणून झाकण घरी उघडू नये. आम्ही त्या मुलाच्या हातून हातोडी काढून घेतली, परंतु मॉनिटर दिला होता आम्हीच. ते 100 रुपये आम्हाला आजही आठवतात.

2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांनुसार असा माल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच गेला पाहिजे. गावातील पाच-दहा दुकानदारांनी आपापले डबे एका ठिकाणी जमवावेत व एकाच टेम्पोने नोंदणीकृत ठिकाणी पाठवावेत. खर्च वाटून अगदी थोडा येतो. आपले अनेक बांधव भंगाराच्या धंद्यात मेहनतीने पोट भरतात. त्यांनाही हे समजावून सांगणे, आणि तांब्याच्या चार पैशांपेक्षा त्यांचे लेकरू मोलाचे आहे हे बोलून दाखविणे, आपले काम आहे.

त्या तरुणाने अखेर आयपीएस फ्लॅट घेतला. पैसे कमी पडत होते म्हणून आकार थोडा लहान घेतला, जात मात्र चांगली घेतली. आमच्या माडीवर पडून असलेला 2001 सालचा डब्बाही आता खाली आला आहे. बाजारातल्या आणखी चार दुकानांतील डबे जमले की तोही त्यांच्याबरोबर रवाना होईल.