एस्प्रेसो यंत्राची निगा

एस्प्रेसोत सगळा खेळ दाबाचा आहे. बारीक दळून घट्ट बसवलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या नऊपट दाबाने ढकलायचे आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दोन-तीन घोट दाट अर्क काढायचा, एवढेच या यंत्राचे काम. हा दाब साधायला इटलीतल्या कारागिरांना निम्म्या शतकाहून अधिक काळ लागला. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ मध्ये आणि मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेली यंत्रे वाफेच्या जोरावर चालत. त्यांचा दाब जेमतेम दीड बार, आणि कॉफी बहुधा करपट. आकिल्ले गाज्जाचे तरफेचे यंत्र १९४८ मध्ये आले. त्यातून निघालेल्या कॉफीवर तपकिरी फेसाची साय धरली. तीच क्रेमा. १९६१ च्या फाएमा ई-६१ ने तरफेच्या जागी विजेचा पंप बसवला आणि घरगुती यंत्रे आजही त्याच वाटेने चालतात. महाराष्ट्रातल्या लग्न-कार्यालयांत ‘एस्प्रेसो’ म्हणून जे फेसाळ, गोड पेय मिळते, त्याचा या कुळाशी संबंध फक्त वाफेपुरता. त्या यंत्रात दूध, साखर आणि झटपट कॉफीची पूड वाफेने घुसळली जाते. ते पेय वाईट नसते, पण एस्प्रेसोही नसते.

घरगुती यंत्राच्या पोटात मोजकेच भाग असतात. टाकीतले पाणी पंप ओढतो, बॉयलर किंवा थर्मोब्लॉक ते तापवतो आणि ग्रूप हेडमधल्या जाळीतून ते कॉफीवर पडते. कॉफी असते बास्केटमध्ये, बास्केट मुठीच्या पोर्टाफिल्टरमध्ये आणि पोर्टाफिल्टर रबरी गॅस्केटला घट्ट टेकलेला. खोक्यावर ठळक छापलेले ‘१५ बार’ ही पंपाची कमाल ताकद आहे. चांगल्या यंत्रात जादा दाब सोडून देणारी झडप असते आणि कॉफीपर्यंत ९ बारच्या आसपासच दाब पोचतो. वीस बारच्या यंत्राची कॉफी पंधरा बारच्या यंत्राहून सरस असते, हा समज दुकानदाराच्या सोयीचा आहे.

ही यंत्रे साधारण हजार ते दीड हजार वॉटची असतात. त्यामुळे ती १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावणे शहाणपणाचे, मिक्सरसोबत एका एक्स्टेंशनवर तर नकोच. अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने आणलेल्या यंत्राचा प्रश्न वेगळा असतो. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज जुळते, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. घरगुती यंत्रातला कंपनाचा पंप विजेच्या वारंवारतेच्या ठेक्यावर चालत असल्याने इथे तो मंद पडतो, शिवाय दुरुस्तीसाठी सुटे भाग मिळणे मुश्कील. असा आहेर न आणलेला बरा.

कॉफी काढण्यापूर्वी यंत्र खरोखर तापलेले हवे. दिवा लागला म्हणजे बॉयलरमधले पाणी तापले. ग्रूप हेडचे जड पितळ तापायला आणखी पंधरा-वीस मिनिटे लागतात. थर्मोब्लॉकच्या हलक्या यंत्राला इतकी वाट पाहावी लागत नाही, पण रिकामा पोर्टाफिल्टर लावून एकदा गरम पाणी सोडून द्यावे. दुहेरी बास्केटसाठी १८ ग्रॅम कॉफी घेऊन २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम अर्क काढावा, हा आजचा रूढ हिशेब. त्यासाठी छोटा वजनकाटा लागतो. अर्क दहा-बारा सेकंदांत भसाभसा आला तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते. थेंब थेंब करत पाऊण मिनिट रेंगाळला तर कडू. दोन्हीवर पहिला उपाय दळण बदलणे. वजन, दळण आणि कॉफी दाबून बसवणाऱ्या टॅम्परचा जोर एकाच वेळी बदलले तर काय चुकले ते कधीच कळत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा बियांना आणि पुडीला लागतो आणि मे महिन्यात नीट बसलेले दळण जुलैत बिघडल्यासारखे वाटते. यंत्र ठीकच असते, ग्राइंडर एखाद-दुसरा खाचा हलवावा लागतो. बिया हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि भाजल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून महिन्याभरात संपवाव्यात.

फिल्टर कॉफीसाठी मिळणारी चिकोरी मिसळलेली पूड मात्र या यंत्रात घालू नये. चिकोरी पाण्यात मोठ्या प्रमाणात विरघळते, चिकट होते आणि बास्केटची बारीक भोके बुजवते. स्वस्त यंत्रांसोबत येणाऱ्या दुहेरी तळाच्या बास्केटला खाली एकच सुईएवढे भोक असते. त्यातून जबरदस्तीने फेस निघतो, म्हणून विकतच्या पुडीलाही क्रेमासारखे काहीतरी येते. हे भोक सर्वांत आधी तुंबते.

यंत्र बिघडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन: कॉफीतले तेल आणि पाण्यातले क्षार. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि बहुतेक घरांत गफलत इथेच होते. तेलाला सोड्याच्या जातीची पावडर लागते आणि ती ग्रूप हेडच्या बाजूने वापरायची. क्षारांना आम्ल लागते आणि ते टाकीतून जाते. एकीच्या जागी दुसरे वापरले तर पैसे वाया जातात आणि मळ तिथेच राहतो.

तेलापासून सुरुवात करू. अरेबिका बियांत वजनाच्या सुमारे १५ टक्के तेल असते, रोबस्टात त्याहून कमी. गरम धातूवर ते चिकटते, खवट होते आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरते. म्हणून दर वेळी चोथा काढून टाकावा, दोन-तीन सेकंद पाणी सोडून जाळी धुवावी आणि बास्केट पुसून घ्यावी. एवढे केले तर आठवड्याची सफाई सोपी जाते. त्या सफाईला बॅकफ्लश म्हणतात. पोर्टाफिल्टरमध्ये भोक नसलेली बास्केट बसवायची, त्यात अर्धा चमचा सफाईची पावडर घालायची, दहा सेकंद पंप चालवायचा, दहा सेकंद थांबायचे. असे पाच वेळा. मग पावडर न घालता साध्या पाण्याने तितक्याच वेळा. नंतरचा पहिला कप मोरीत ओतावा. अशा पावडरीत मुख्यतः सोडियम परकार्बोनेट आणि धुण्याचा सोडा असतो. भांड्यांचा सुगंधी साबण त्याऐवजी चालत नाही.

बॅकफ्लश प्रत्येक यंत्राला करता येत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. पंप थांबताच फस्सकन आवाज होऊन उरलेला दाब खालच्या ट्रेमध्ये सुटत असेल आणि चोथा कोरडा निघत असेल, तर यंत्रात तीन तोंडांची झडप आहे आणि बॅकफ्लश चालतो. लहान, स्वस्त यंत्रांत ही झडप बहुधा नसते. तिथे दाब कोंडून राहतो. पंप थांबल्याबरोबर पोर्टाफिल्टर उघडला तर गरम चोथा हातावर उडतो. अशा यंत्रात जाळीचा स्क्रू काढून ती महिन्यातून एकदा पावडरीच्या गरम पाण्यात भिजवावी, एवढेच हाती असते. भिजवताना ॲल्युमिनियमचे भाग आणि लाकडी मुठी बाहेर ठेवाव्यात, कारण सोड्याने ॲल्युमिनियम काळे पडते.

क्षारांचा प्रश्न पाण्यावर अवलंबून असतो. तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे मुंबईचे पाणी मृदू असते. तेच यंत्र टँकरवर किंवा बोअरवेलवर जगणाऱ्या सोसायटीत गेले की गणित बदलते. अशा पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की कॅल्शियम कार्बोनेट होऊन धातूवर बसते. हा थर उष्णता अडवतो, तापमान चुकवतो आणि अरुंद नळ्या बुजवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. माणसाला ते चालते, बॉयलरला नाही. टीडीएस मोजणारे पेन यात फसवे ठरते. ते पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्यांतले कॅल्शियम किती, हे सांगत नाही. त्यापेक्षा कठीणपणा दाखवणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात, किंवा किटलीच्या तळाकडे पाहावे.

मग सरळ आरओचे पाणी का नको? त्याचे दोन तोटे आहेत. खनिजे जवळजवळ नसल्याने कॉफी बेचव होते आणि असे पाणी धातूला हळूहळू खाते. शिवाय काही यंत्रांतला पातळी ओळखणारा संवेदक पाण्यातून वाहणाऱ्या विजेवर चालतो. फार शुद्ध पाणी त्याला दिसतच नाही. आरओच्या पाण्यात साधे गाळलेले पाणी मिसळून मध्यम पाणी तयार करणे हा घरगुती तोडगा पुरेसा आहे.

थर बसलाच तर सायट्रिक ॲसिडने तो विरघळतो. साधारणपणे लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम घेऊन द्रावण थोडे थोडे यंत्रातून सोडतात, मध्ये पंधरा-वीस मिनिटे थांबतात आणि शेवटी दोन टाक्या स्वच्छ पाणी काढतात. पण आधी यंत्राची पुस्तिका पाहावी. ॲल्युमिनियमच्या बॉयलरला आम्लाचा धोका असतो आणि थर फार जाड असेल तर सुटलेले तुकडे झडपेत अडकतात. ते काम मेकॅनिककडे द्यावे. व्हिनेगर टाळलेले बरे, त्याचा वास कित्येक कप जात नाही.

वाफेच्या नळीला या दोन्हींपेक्षा जास्त घाई असते. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवून झाले की नळी लगेच ओल्या फडक्याने पुसावी आणि क्षणभर वाफ सोडावी. वाफ थंड होताना नळीत पोकळी तयार होते आणि दूध आत ओढले जाते. ते सुकले की टोकाची भोके टाचणीने कोरावी लागतात. एकाच बॉयलरच्या यंत्रात दुधानंतर लगेच कॉफी काढायची असेल, तर बॉयलरमधले जास्त तापलेले पाणी आधी सोडून द्यावे, नाहीतर कॉफी जळते.

खालचा ट्रे रोज रिकामा करावा. ओला चोथा पावसाळ्यात दोन दिवसांत बुरसतो आणि यंत्राच्या उबेत झुरळांना आयते घर मिळते. गॅस्केट उष्णतेने कडक होते. पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी झिरपू लागले किंवा मूठ नेहमीच्या जागेच्या पुढे फिरू लागली की ते बदलावे. साधारण वर्षाकाठी ही वेळ येते.

महिनाभर घर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून कोरडी करावी आणि पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे बॉयलरही रिता करावा. परत आल्यावर ताजे पाणी भरून, बॉयलर तापण्याआधी, गरम पाण्याची तोटी उघडून पंप चालवावा. सुरुवातीला पंप हवा ओढत खडखडतो. तोटीतून सलग धार आली की मगच यंत्र तापू द्यावे.