जुनाट चट्टा आणि त्वचेचा लिम्फोमा : उपशयाने फसू नये

वर्षानुवर्षे न हटणारा चट्टा घेऊन येणारा रुग्ण आपणां कोणासही नवा नाही. दद्रु, किटिभ, विचर्चिका किंवा श्वित्र समजून त्याची चिकित्सा झालेली असते. अशा रुग्णांत क्वचित एखादा असा असतो, की ज्याचा चट्टा हा मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमाचा आरंभ असतो.

पॅरिसचे त्वग्रोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ मध्ये या व्याधीचे प्रथम वर्णन केले. त्यातील अर्बुदे भूछत्रासारखी दिसत, म्हणून हे नाव पडले. बुरशीशी त्याचा संबंध नाही. येथे विकृत झालेल्या टी-लसीकापेशी त्वचेच्या बाह्य स्तरात शिरून तेथेच वाढतात. प्रथम सपाट चट्टे, मग जाड उंचवटलेले चट्टे व काही रुग्णांत शेवटी अर्बुदे, असा हा क्रम आहे. त्याची गती इतकी मंद असते, की लक्षणारंभापासून निदानापर्यंत सामान्यतः तीन-चार वर्षे निघून जातात.

संशय केव्हा घ्यावा? चट्टे नितंब, कटिप्रदेश, मांड्यांचा आतील भाग, स्तन अशा उन्हापासून झाकलेल्या भागी असतील. त्यांचे आकार व रंग परस्परांत भिन्न असतील. त्वचा पातळ कागदाप्रमाणे सुरकुतलेली असेल, तर सावध व्हावे. सावळ्या वर्णात, विशेषतः तरुणांत व मुलांत, हा व्याधी फिकट डागांच्या रूपानेही प्रकटतो. तेव्हा श्वित्राचा किंवा महारोगाचा भास होतो. म्हणून अशा डागावर स्पर्शज्ञान अवश्य तपासावे. ते शाबूत असले तरी विचार तेथेच थांबवू नये.

निदानपंचकात उपशयास मोठे स्थान आहे. परंतु येथे उपशय फसवा ठरतो. बाकुचीत सोरालेन असते, आणि सोरालेन व अतिनील किरणे यांचा नियंत्रित उपयोग ही या लिम्फोमाचीही मान्य चिकित्सा आहे. तेव्हा बाकुचीलेप व आतपसेवनाने डाग फिका झाला, एवढ्यावरून श्वित्र सिद्ध होत नाही. स्टेरॉइड मलमानेही चट्टा काही काळ दबतो. बरा होऊन पुन्हा त्याच जागी उमटणारा चट्टा हा तपासणीची मागणी करणारा चट्टा समजावा.

निश्चिती त्वचेचा तुकडा काढून केलेल्या सूक्ष्मपरीक्षणाने, म्हणजे बायॉप्सीने होते. त्यापूर्वी दोन ते चार आठवडे त्या जागी स्टेरॉइड लावू नये व शक्य तो दोन निरनिराळ्या चट्ट्यांतून तुकडे घ्यावेत. पहिला अहवाल अनिर्णित आला तरी व्याधी नाही असे मानू नये. काही महिन्यांनी परीक्षण पुन्हा करावे लागते. पेशींवरील प्रथिनांच्या चाचण्या व टी-पेशींची जनुकीय तपासणी साहाय्यक ठरतात. पण रूप, सूक्ष्मपरीक्षण व या चाचण्या यांचा मेळ घालूनच निर्णय होतो.

औषधविक्रेत्या बंधूंचाही यात वाटा आहे. अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ मध्ये अनुसूची एच खाली आणली गेली. तरीही तीच नळी दरमहा मागणारा ग्राहक दुकानात येतोच. चिठ्ठीविना ती न देता त्यास त्वग्रोगतज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे. त्याचे हित त्यातच आहे.

शरीराच्या दशांशाहून कमी त्वचा व्यापणारे चट्टे असतानाच निदान झाल्यास रुग्णाचे आयुर्मान बहुधा समवयस्कांइतकेच राहते. अर्बुदे झाल्यावर किंवा लसीकाग्रंथी व रक्त व्यापल्यावर ती आशा पुष्कळ उणावते. व्याधीचे नाव न कळल्यास वैद्याने लाजू नये, असे चरकांनी सूत्रस्थानात म्हटले आहे. लाज न बाळगता रुग्णास वेळीच पुढे पाठवावे, आणि कोणती औषधे किती काळ दिली याची नोंद चिठ्ठीसोबत द्यावी. ती नोंद परीक्षकास मोलाची ठरते.