उतरवून काढणे आणि आपल्या शब्दांत सांगणे

मागे एका खेडेगावच्या शाळेत जाण्याचा योग आला. जूनचा महिना, पेरणीचे दिवस. ओसरीवर मुलांनी भित्तिपत्रक लावले होते. विषय होता सोयाबीनची बीजप्रक्रिया. अक्षर सुबक, कडेने वेलबुट्टी. गुरुजी कौतुकाने म्हणाले, "सगळे मुलांनी आपल्या शब्दांत लिहिले आहे बरे का!" मी वाचू लागलो आणि चौथ्या ओळीला थबकलो.

ज्या माहितीपत्रकावरून मुलांनी लिहिले होते, त्यातला मजकूर साधारण असा होता: "सोयाबीन बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियम जिवाणू संवर्धनाची प्रक्रिया करावी. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन पुरते. बुरशीनाशक वापरावयाचे असल्यास ते अगोदर चोळावे व जिवाणू संवर्धन नंतर लावावे. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे."

आणि भिंतीवर काय होते? "सोयाबीनच्या बीला पेरण्याअगोदर रायझोबियम जंतूंच्या संवर्धनाची क्रिया करावी. १० किलो बीस पाव किलो संवर्धन पुरेसे होते. बुरशीनाशक वापरायचे असेल तर तेही लावावे व संवर्धनही लावावे. क्रिया केलेले बी वाळवून ताबडतोब पेरावे."

आता हे दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून पाहा. वाक्ये तितकीच, क्रमही तोच. बियाण्याचे बी झाले, पुरतेचे पुरेसे झाले, लगेचचे ताबडतोब झाले. जुन्याच सदऱ्याला नवी बटणे लावावीत तसा हा प्रकार. याला आपले शब्द म्हणता येत नाही, ही उतरवूनच काढलेली नक्कल होय. पण त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. शब्द बदलण्याच्या नादात "अगोदर" आणि "नंतर" हे दोन शब्द गळाले, आणि "सावलीत" हा शब्दही गेला. पाकिटातले जिवाणू हे जिवंत असतात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरून ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. त्यांना लावल्यावर वरून बुरशीनाशक चोळले, किंवा बी कडक उन्हात टाकले, तर ते मरून जातात. भिंतीवरचे वाचून एखाद्याने बी अंगणात उन्हात पसरले असते तर पाकिटाचे पैसे गेलेच, आणि वर "या पाकिटांत काही राम नाही" हा ग्रह गावभर झाला असता.

म्हणजे चोरी आणि चूक या दोन्ही एकाच मुळातून निघाल्या. मुलांना मजकूर समजलाच नव्हता. जो समजला नाही तो माणूस शब्दाला धरून चालतो, आणि शब्द बदला म्हटले की नेमका कोणता शब्द बदलू नये हे त्याला कळत नाही.

मग करायचे काय? गुरुजींना मी एकच सुचवले. मुलांनी तो मजकूर दोनदा वाचावा आणि पत्रक मिटून ठेवावे. मग ज्याने ते वाचलेले नाही अशा कोणाला तरी, घरी आजीला म्हणा, बांधावरच्या काकांना म्हणा, तोंडी सांगावे. आजी मध्येच विचारते, "अरे, पण सावलीतच का?" याचे उत्तर देता आले नाही तर पत्रक पुन्हा उघडावे, तेवढ्याने भागले नाही तर कृषी सहायकांना विचारावे. उत्तर देता आले म्हणजे मग लिहायला बसावे, आणि लिहून झाल्यावरच मूळ मजकूर शेजारी ठेवून आकडे व क्रम ताडून पाहावा. या रीतीने लिहिलेला मजकूर बहुधा असा उतरतो: "पाकिटातले रायझोबियम हे जिवंत जिवाणू आहेत. म्हणून बुरशीनाशक लावायचे असले तर ते आधी, जिवाणू मागून. बी उन्हात टाकायचे नाही, सावलीतच सुकवायचे आणि लगोलग पेरायचे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पुरे." आणि खाली एक ओळ: "कृषी खात्याच्या माहितीपत्रकावरून." इथे कारण पुढे आले, प्रमाण मागे गेले, ज्याने लिहिले त्याच्या डोक्यातून ते गेले आहे हे वाचताच कळते. रायझोबियम, २५० ग्रॅम, बुरशीनाशक हे शब्द मात्र तसेच राहिले, आणि ते तसेच राहावेत. पारिभाषिक नावे आणि मापे ही कोणा एकाची मालमत्ता नसते. त्यांना उगाच पर्याय शोधत बसू नये.

ही रीत आपल्याकडे काही नवी नाही. कीर्तनकारबुवा काय करतात? अभंग घेतात तो अक्षरही न बदलता, शेवटच्या नाममुद्रेसकट. मग तासभर त्याचे निरूपण करतात ते स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या दृष्टांतांनी. अभंग कोणाचा आणि बोलणे कोणाचे, याविषयी मागे बसलेल्या म्हातारीच्याही मनात घोटाळा होत नाही. गीतेचे श्लोक ७००. ज्ञानेश्वरांनी १२९० साली त्यांवर सुमारे ९,००० ओव्यांचे निरूपण केले. विनोबांनी गीताईत श्लोकाला श्लोक ठेवला. एकाने विस्तार केला, दुसऱ्याने मूळचे माप राखले. पण मूळ व्यासांचे हे दोघांनीही लपवले नाही. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी आपली ओवी घुसडू नये असे बजावून ठेवले. आणि उलट टोकाला सालोमालो! तुकोबांच्या अभंगांत आपले नाव घालून ते आपलेच म्हणून तो गात असे, अशी परंपरेची हकीगत आहे. गाथेतही त्याचे नाव येते. तुकोबांना त्याचा किती उबग आला होता हे ज्यांनी ते अभंग वाचले आहेत त्यांना सांगायला नको.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मागे ६० वर्षे त्याच्या लेखनाला संरक्षण असते. मात्र हक्क असतो तो मांडणीवर, कल्पनेवर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाटकाच्या व चित्रपटाच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. तेव्हा माहिती घ्यायला कोणाची आडकाठी नाही. पण कायदा एक आणि सचोटी एक. तुकोबांच्या अभंगावर आज कोणाचा हक्क नाही, म्हणून त्याखाली आपले नाव घातले तर ते काही आपले होत नाही. विद्यापीठांतून तर २०१८ सालापासून प्रबंधांतली उसनवारी टक्क्यांनी मोजण्याचे नियमच झाले आहेत.

शिक्षकबंधुभगिनींना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. मुले गाइडातला निबंध उतरवतात याला निम्मे जबाबदार आपण आहोत. गाइडातला गुळगुळीत निबंध पाहून आपण दहापैकी आठ गुण देतो, आणि स्वतः विचार करून, अडखळत, शुद्धलेखनाच्या चुका करीत लिहिणाऱ्याला चार. मुले खुळी नाहीत. त्यांना हिशेब कळतो. पहिले काही महिने मुलांची भाषा ओबडधोबड येईल, वाक्ये अर्धवट राहतील, ती सोसली पाहिजेत. दुसऱ्याचे वाक्य आवडले तर ते जसेच्या तसे अवतरणचिन्हांत लिहावे व कोणाचे ते सांगावे, एवढे मात्र पहिल्या दिवसापासून शिकवावे. पाचवीच्या मुलालाही ते जमते.

त्या शाळेत पुढे पंधरा दिवसांनी पुन्हा जाणे झाले. भित्तिपत्रक बदललेले होते. वेलबुट्टी नव्हती, अक्षरही गचाळ. पण एका मुलाने मध्यभागी तांबड्या खडूने लिहिले होते: "बी सावलीतच. नाहीतर पाकिटातले जीव मरतात, आमच्या आजीने विचारले होते."