दीर्घकालीन आजारांसह जगणाऱ्या व्यक्ती आणि लसस्वीकार : एक विवेचन

महत्त्वाचे शब्द : दीर्घकालीन आजार, लस-संकोच, प्रौढ लसीकरण, सहव्याधी, विश्वास

प्रस्तावना :

लसीकरण हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर बालकांचे लसीकरण उभे राहते. भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ मध्ये त्यास सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे स्वरूप प्राप्त झाले. या कार्यक्रमाचा रोख मुख्यत्वे बालके व गरोदर माता यांच्याकडे राहिला. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचे विकार यांसारख्या व्याधींसह वर्षानुवर्षे जगणाऱ्या प्रौढ व्यक्तीने लस घ्यावी, हा विचार कोविड-१९ च्या साथीपर्यंत आपल्या समाजात फारसा रुजलेला नव्हता.

हा प्रश्न मूठभर रुग्णांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक व्यक्तींना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५.५ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब आहे. ज्यांना संसर्गाचा धोका सर्वाधिक, त्यांपैकी अनेकजण लस घेताना सर्वाधिक कचरतात, ही या विषयातील मूळ विसंगती होय. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे तपासणे आणि ती दूर करण्याचे मार्ग सुचविणे ही दोन उद्दिष्टे ठेवली आहेत. त्यासाठी २०२१-२२ मधील कोविड लसीकरणाचा अनुभव प्रमुख आधार म्हणून घेतला आहे.

लस-संकोच : संकल्पना

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने नेमलेल्या कार्यगटाने २०१४ मध्ये लस-संकोचाची मांडणी तीन घटकांच्या आधारे केली. पहिला घटक विश्वास, म्हणजे लस, ती देणारी यंत्रणा व धोरणकर्ते यांवरील भरवसा. दुसरा बेफिकिरी, म्हणजे आजाराचा धोका क्षुल्लक वाटणे. तिसरा सुलभता, म्हणजे लस वेळेवर, जवळ व परवडेल अशा रीतीने मिळणे. २०१९ मध्ये याच संघटनेने लस-संकोचाची गणना जागतिक आरोग्यापुढील दहा प्रमुख धोक्यांमध्ये केली.

ही मांडणी दीर्घकालीन रुग्णास लावून पाहिली असता एक वेगळेपण जाणवते. असा रुग्ण सहसा बेफिकीर नसतो. पथ्य, तपासण्या, गोळ्यांच्या वेळा यांनी त्याचे दैनंदिन जीवन आखलेले असते. एखादे नवे औषध सोसले नाही, साखर एकाएकी घसरली किंवा रक्तदाब वाढला, असे अनुभव त्याच्या गाठीशी असतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याप्रमाणे शरीरात काहीही नवे घेण्यापूर्वी तो थबकतो. ‘लस चांगली आहे का?’ यापेक्षा ‘माझी ही साखर, माझ्या या गोळ्या असताना मला ती चालेल का?’ असा त्याचा प्रश्न असतो. या नेमक्या प्रश्नास सर्वसाधारण प्रचाराने उत्तर मिळत नाही. त्यामुळे त्याच्या संकोचास सरसकट अज्ञान अथवा अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरते.

धोका आणि भीती : वैद्यकीय वास्तव

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली असल्यास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कार्य मंदावते. मूत्रपिंड निकामी झालेल्या, कर्करोगावर उपचार घेणाऱ्या वा अवयवरोपण झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने क्षीण झालेली असते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे बोलीभाषेतील ‘काळ्या बुरशी’चे, जे रुग्ण आढळले त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड उपचार ही कारणे ठळक होती. अनेकांना डोळा वा जबड्याचा भाग गमवावा लागला. संसर्ग टाळणे हे मधुमेही व्यक्तीसाठी किती मोलाचे असते, याचे इतके विदारक उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही.

दुसऱ्या बाजूस रुग्णांच्या ज्या शंका वारंवार ऐकू येतात, त्यांची उत्तरे वैद्यकशास्त्रात उपलब्ध आहेत. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते व त्या काळात साखर तात्पुरती वाढू शकते. अशा वेळी साखर तपासत राहावे व नेहमीची औषधे मनाने बंद करू नयेत, एवढी दक्षता पुरेशी असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना सुई टोचलेल्या जागी सूज वा रक्त साकळण्याची शक्यता असते. मात्र बारीक सुई वापरून ती जागा न चोळता किमान दोन मिनिटे दाबून धरल्यास हा धोका बराच कमी होतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांच्या शरीरात लसीचा प्रतिसाद कमी मिळू शकतो. तथापि कमी संरक्षण मिळणे आणि अपाय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. काही लसींमध्ये निष्क्रिय केलेले जंतू वा त्यांचे अंश असतात, तर काहींमध्ये दुर्बल केलेले जिवंत जंतू असतात. कोव्हॅक्सिनमधील विषाणू निष्क्रिय केलेला होता. कोविशिल्डमधील वाहक विषाणूची शरीरात वाढ होऊ शकत नव्हती. याउलट बीसीजी, गोवर, कांजिण्या यांच्या लसी जिवंत असतात व प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्या व्यक्तींना त्या सहसा दिल्या जात नाहीत. २०२४ मध्ये देशातील निवडक जिल्ह्यांत प्रौढांसाठी बीसीजी लसीकरणाचा अभ्यास हाती घेण्यात आला, त्यात मधुमेही व्यक्तींचाही समावेश होता. म्हणजे मधुमेही व्यक्तीस जी लस चालते, तीच अवयवरोपण झालेल्या रुग्णास वर्ज्य ठरू शकते. ‘आजारी माणसाने लस घ्यावी की नाही’ या प्रश्नास एकच उत्तर नाही, हे मान्य करणे हीच विश्वासाची पहिली पायरी होय.

सूचनांमधील विसंवाद

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले. त्यापूर्वी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठविलेल्या सूचनांत हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे दीर्घकालीन आजार, तसेच प्रतिकारशक्तीची कमतरता ही लसीसाठी प्रतिबंधक कारणे नाहीत, असे नमूद होते. परंतु लसीकरणाच्या पहिल्याच आठवड्यात कोव्हॅक्सिनच्या उत्पादक कंपनीने प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकात रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी ही लस घेऊ नये, असा सल्ला होता. कोविशिल्डच्या माहितीपत्रकाने अशा व्यक्तींना लस देणाऱ्यास आपल्या स्थितीची कल्पना द्यावी, असे सुचविले होते. एकाच आठवड्यात तीन ठिकाणांहून तीन प्रकारचे शब्द ऐकणारा हृदयरुग्ण थांबला असेल, तर त्यास दोष देता येत नाही.

यादी, वय आणि प्रमाणपत्र

१ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्व व्यक्ती आणि ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्त व्यक्ती यांच्यासाठी लसीकरण खुले झाले. त्यासाठी २० व्याधींची यादी निश्चित करण्यात आली व नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. या यादीनुसार केवळ मधुमेह असणे पुरेसे नव्हते. मधुमेह दहा वर्षांहून जुना वा गुंतागुंतीचा असावा आणि त्याबरोबर उच्च रक्तदाबावरही उपचार चालू असावेत, अशी अट होती. शहरातील ज्या रुग्णाचा ठरलेला डॉक्टर व जपून ठेवलेली कागदपत्रे होती, त्यास ही अट सोपी होती. ज्याचे निदानच उशिरा झाले किंवा ज्याच्या उपचारांची सलग नोंद नाही, अशा ग्रामीण रुग्णास ती अवघड होती. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्याने ही अट महिन्याभरातच कालबाह्य झाली.

वयाची अट अधिक जाचक ठरली. डायलिसिसवर असलेली वा थॅलसेमियाग्रस्त ३० वर्षांची व्यक्ती यादीतील आजार असूनही पात्र नव्हती. तिला १ मेपर्यंत थांबावे लागले. त्यानंतरही लसींच्या तुटवड्यामुळे मे महिन्यात महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही काळ स्थगित झाले. पुढे १० जानेवारी २०२२ पासून दक्षता मात्रा सुरू झाली, तेव्हा आरोग्य व आघाडीवरील कर्मचाऱ्यांखेरीज ती ६० वर्षांवरील सहव्याधीग्रस्तांनाच उपलब्ध होती. मूत्रपिंडरोपण झालेल्या चाळिशीतील सामान्य नागरिकास १० एप्रिल २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली आणि तेव्हाही ती मात्रा खाजगी केंद्रांत पैसे देऊन घ्यावी लागली. म्हणजे काही रुग्ण लस मागत होते आणि व्यवस्था त्यांना थांबवीत होती. लसस्वीकाराचे मोजमाप करताना ही बाजू दृष्टिआड होऊ नये.

सक्ती, अफवा आणि विश्वास

नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात लसीची किमान एक मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल व स्वस्त धान्य देऊ नये, असे आदेश निघाले. अशा उपायांनी लसीकरणाचे आकडे वाढू शकतात. परंतु ज्या रुग्णाच्या मनात आपल्या औषधांविषयी प्रश्न होता, त्यास उत्तराऐवजी आदेश मिळाला. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही व्यक्तीस लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वेळी सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही न्यायालयाने मान्य केला.

अनुत्तरित शंका मात्र वर्षानुवर्षे टिकून राहतात. एप्रिल २०२४ च्या अखेरीस अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात अत्यंत दुर्मीळ रक्तगुठळ्यांची शक्यता मान्य केल्याचे वृत्त आले. त्याच सूत्रावर आधारित कोविशिल्ड पुण्यात तयार झालेली असल्याने महाराष्ट्रातील अनेक हृदयरुग्ण पुन्हा धास्तावले. वस्तुतः हा दुष्परिणाम २०२१ मध्येच ज्ञात झाला होता. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या समितीने भारतात त्याचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ असे सांगितले होते. शिवाय हा विकार सामान्यतः लसीनंतरच्या काही आठवड्यांतच उद्भवतो. ही माहिती वेळीच रुग्णापर्यंत पोहोचली असती, तर तीन वर्षांनंतर ती गौप्यस्फोटासारखी वाटली नसती. दुष्परिणाम लपविल्याने नव्हे, तर त्यांचे प्रमाण समजावून सांगितल्यानेच विश्वास वाढतो.

उपाययोजना

१) दीर्घकालीन रुग्ण ज्या ठिकाणी दरमहा गोळ्या घेण्यास येतो, तेथेच लसीविषयी बोलणे व्हावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील असंसर्गजन्य आजारांची तपासणी हे त्यासाठी स्वाभाविक स्थान आहे.

२) उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाच्या नोंदपुस्तिकेत ‘ही लस चालेल’, ‘ही चालणार नाही’, ‘आता नको, नंतर’ असे स्पष्ट लिहून द्यावे. लसीकरण केंद्रावरील अनोळखी कर्मचाऱ्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा हे लेखी वाक्य अधिक परिणामकारक ठरेल.

३) आशा सेविकांना आजारनिहाय प्रश्नोत्तरांची सोप्या मराठीतील पुस्तिका उपलब्ध करून द्यावी.

४) प्राधान्यक्रम ठरविताना वयाबरोबरच आजाराची तीव्रता हा स्वतंत्र निकष मानावा.

५) इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकल यांसारख्या लसींचा वैद्यकीय सल्ला अनेक दीर्घकालीन रुग्णांना दिला जातो, परंतु खर्च अनेकदा स्वतः करावा लागतो. किमान जोखमीच्या गटांसाठी त्या शासकीय स्तरावर उपलब्ध व्हाव्यात.

समारोप

दीर्घकालीन रुग्णांमधील लसस्वीकार हा केवळ जनजागृतीचा विषय नाही. त्यास रुग्णाची अनुभवातून आलेली सावधगिरी ही एक बाजू आहे, तर सूचनांतील विसंवाद, अटींतील कठोरता व उपलब्धतेतील उणिवा ही दुसरी. पहिल्या बाजूचा दोष रुग्णास देऊन दुसरीकडे दुर्लक्ष केल्यास पुढील साथीतही हेच चित्र दिसेल. आपल्या प्रकृतीची खडान्‌खडा माहिती ठेवणारा रुग्ण हा लसीकरणाचा विरोधक नसून सर्वांत जागरूक लाभार्थी ठरू शकतो. त्याच्या प्रश्नास त्याच्या डॉक्टरकडून, त्याच्या भाषेत व वेळेवर उत्तर मिळण्याची सोय साथ नसलेल्या काळातच उभी करावयास हवी.